चिंधीशिवाय गाठोडं नाही

लाँड्रीवाल्या मावशीचं दुकान एका चिंधीवर चालायचं. कपडे आले की ती जुन्या कापडाची पट्टी टर्रकन फाडायची. अर्धी गाठोड्याला टाचायची, अर्धी गिऱ्हाइकाच्या हातात. न्यायला आलं की दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे. फाटलेल्या कडा जुळल्या तरच गाठोडं हलायचं.

दुकानात हाताशी असलेल्या जावयाला त्याची लाज वाटे. त्याच्या हट्टापायी तिनं एकदा फोनमधला चिंधीचा फोटो बघून एक भारी कोट देऊन टाकला. संध्याकाळी खरा मालक चिंधी घेऊन दारात. त्यानं भाच्याला पाठवलेला फोटो कुणाकुणाच्या फोनात फिरून आला होता. कोटाची किंमत भरून देताना मावशीच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून फोटो बंद.

आणि आज लॉजचा नवा ड्रायव्हर चादरी न्यायला आला. लॉजच्या चादरी म्हणजे दुकानाचा अर्धा धंदा. त्यानं फोन पुढं केला.

"मॅनेजरसाहेबांनी चिंधी पाठवलीय."

"कुठाय?"

"ही काय, फोनात."

"मग चादरीचाही फोटो काढ, आणि जा, तोच घाल अंथरून."

जावई इस्त्री सोडून धावला. "आई, गाडीवर लॉजचं नाव लिहिलंय, अजून काय पाहिजे?"

"रंगाचा डबा कुणालाही मिळतो, जावईबापू."

ड्रायव्हरनं मॅनेजरला फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"अहो मावशी, सगळ्या बँका फोनवर चालतात. तुमची चिंधी तेवढी चालत नाही?"

"बँकेत घोळ झाला तर कुणाला धरता, साहेब? फोन तरी उचलतं का कुणी? माझ्याकडं झाला तर मी इथंच बसलेय शिव्या खायला."

"चादरी द्या, नाहीतर उद्यापासून काम बंद."

"चिंधी आणा, चादरी न्या. मग खुशाल बंद करा."

थोड्या वेळानं मॅनेजर स्वतः घाम पुसत आला. चिंधी टेबलावर आपटली. मावशीनं चष्मा लावला, तुकडे जुळवले, दोरा न् दोरा निरखला. तो धुसफुसत उभा. मग तिनं गाठोडं पुढं सरकवलं.

"तुमचंच आहे."

"ते मला माहीत होतं."

"मला आत्ता कळलं."

मॅनेजर काम तोडूनच गेला. जावई कपाळाला हात लावून बसला. "अर्धा धंदा गेला, आई."

"अर्धा राहिलाय ना. त्यातला कपडा ज्याचा त्याच्या घरी जाईल."

दारात एक बाई पडदे घेऊन उभी होती. मावशीनं पट्टी घेतली, दातांत धरली आणि फाडली.