फेलिसिदादने घासलेल्या पट्ट्या

मालवणात फेलिसिदादच्या घरी काळं पडलेलं भांडं शोधून सापडायचं नाही. राख, कोकमाची सोलं आणि नारळाचं सोडण, एवढ्या भांडवलावर ती पितळेला सोन्याची कळा आणी. फेस्ताआधी, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाआधी, तिथल्या मेणबत्तीदाण्या तिच्याकडेच घासायला येत. दुसऱ्या कुणी घासल्या, तर प्रवचन चालू असताना ती त्यांच्यावरचे डागच बघत बसे.

तिची लेक सेलिना पुण्याला प्रयोगशाळेत होती. ती काय करते असं कुणी विचारलं, तर फेलिसिदाद रुबाबात सांगे, ‘पाण्यातसून गॅस काढता.’ त्यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. लेक फोनवर जेवणाचं बोले, तब्येतीचं बोले, कामाचं कधीच नाही. आपल्याला काय कळणार असं पोरीला वाटतं, हे फेलिसिदादला फार लागे. पण ती बोलून दाखवत नसे.

यंदा फेस्ताला सेलिना आली ती निकेलच्या चार पट्ट्या घेऊन. पट्ट्यांवर निकेल आणि सिलिकॉन एकजीव करून चढवलेला काळसर थर होता, निकेल सिलिसाइडचा. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन सुटतो. हा थर ते काम सोपं करतो आणि प्लॅटिनमपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. तो नीट बसवायला तिचे आठ महिने गेले होते. खऱ्या समुद्राच्या पाण्यात तो टिकतो का, एवढंच आता बघायचं होतं. पट्ट्या मोरीच्या कट्ट्यावर ठेवून ती कॅन घेऊन बंदरावर पाणी आणायला गेली. ठेवल्या त्या नेमक्या मेणबत्तीदाण्यांच्या शेजारी.

ती परतली तेव्हा चारही पट्ट्या उन्हात लखलखत होत्या.

‘कितकी काळी पडलली गो,’ फेलिसिदाद शाबासकीची वाट बघत म्हणाली. ‘हात दुखाक लागलो माझो.’

सेलिनाने पट्ट्या उचलल्या, उलटसुलट करून पाहिल्या. ‘बरां केलंस, माय,’ म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने सांतान, फेलिसिदादचा नवरा, स्वयंपाकघरात आला. बंद दारातून त्याला लेकीचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं होतं. ‘अगो, तां काळा म्हणजेच तिचा काम होता,’ तो हळूच म्हणाला. ‘आता सगळा पयल्यापासून करूचा लागतला.’

ओल्या हातांनीच फेलिसिदाद लेकीच्या दाराशी गेली. ‘सेलिना, माझ्यार ओरडलंस कित्याक नाय?’

दार उघडलं. सेलिनाचे डोळे लाल होते. ‘ओरडू कशी? मीच तुका कधी काय सांगलंय नाय.’

मग ती आईला हाताला धरून अंगणात घेऊन गेली. एका पट्टीला तार अडकवायला पाडलेल्या भोकाभोवती सोडण पोचलं नव्हतं, तिथे नखाएवढा काळा थर उरला होता. सेलिनाने वाडग्यात समुद्राचं पाणी ओतलं, पट्टी आणि शेजारी एक तार बुडवली, दोन्हींना टॉर्चचे सेल जोडले. चकचकीत भागावर चारदोन बुडबुडे आळसावल्यासारखे चिकटून राहिले. त्या काळ्या ठिपक्यातून मात्र बारीक बुडबुड्यांची धार लागली.

‘ह्यो हायड्रोजन,’ सेलिना म्हणाली.

फेलिसिदाद वाकून बघतच राहिली. ‘म्हणजे मी जितक्या बरां घासलंय...’

‘तितक्या वायट झाला, माय.’

दोघींना हसू फुटलं, आणि हसता हसता फेलिसिदाद रडली. लेकीचे आठ महिने आपल्या हातांनी पुसले याचं ते रडू होतं, पण लेकीने आपल्याला समजावून सांगितलं याचंही होतं.

पुढे पुण्यात नव्या पट्ट्या तयार झाल्या. त्यातली एक सेलिनाने घरी पाठवली. ती आता घरातल्या आल्तारवर, म्हणजे देव्हाऱ्यावर, मेणबत्त्यांच्या मध्ये उभी आहे. सगळं घर घासूनपुसून झालं तरी फेलिसिदाद तिच्यावर फडकंसुद्धा फिरवत नाही. पाहुणा आला की चहाआधी त्याला तिथे नेते आणि बजावते, ‘माझ्या चेडवान केलली आसा. हात लावू नुको.’