शोभाकाकूंची खदान

गुलमंडीवरच्या आपल्या दुकानात शोभाकाकू गिऱ्हाइकापुढे लालभडक शालू उलगडायच्या आणि सहज सांगायच्या, "खोल पाण्यात नेला ना, तर हा मातकट दिसंल बरं का. लाल रंग पाण्यात लवकर मरतो." नवरीची आई गोंधळून जायची. गल्ल्यावर बसलेला त्यांचा मुलगा महेश कपाळाला हात लावायचा. "आई, शालू विकायचाय का बुडवायचाय?"

काकूंना पाण्याचं वेड होतं. करमाडला माहेरच्या विहिरीत त्या पोहायला शिकल्या. पन्नाशी उलटल्यावर मालवणच्या सहलीत पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरल्या आणि नंतर रीतसर शिकूनच आल्या. "समुद्र लई खारट. आपलं गोडं पाणीच बरं," हा त्यांचा निकाल. मी त्यांची शेजारीण, बँकेत नोकरीला. पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं, जोडीदार लागतो, म्हणून त्यांनी मलाही शिकायला पिटाळलं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

करमाडच्या अलीकडे दगडाची एक बंद पडलेली खदान आहे. हिवाळ्यात गाळ खाली बसला की तिचं पाणी नितळ, हिरवं होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघी तिथं. खाली सुरुंगाची भोकं पडलेले उभे कडे, त्यांच्या फटींतून डोकावणारे मासे, आणि आणखी खाली गेलं की अचानक अंगाला लागणारा गार पाण्याचा थर. काकू तळाशी उताण्या पडून आपलेच बुडबुडे वर जाताना बघत राहायच्या. बाहेर आल्यावर थर्मासमधला चहा ओतत म्हणायच्या, "खाली मला वजनच नसतंय गं वैशे. गुडघे नाय, दुकान नाय, महेश नाय." इतकी मनापासून खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग एका रविवारी त्या खदानीत एक शाळकरी पोरगी बुडाली. आम्ही पोचलो तेव्हा तिची आई काठावर ऊर बडवत होती आणि अग्निशमनची गाडी यायला अवकाश होता. काकू सिलिंडर चढवून उतरल्या, मागोमाग मी. पोरगी त्यांना सापडली. तिला कवेत घेऊन त्या वर आल्या, आपल्या टॉवेलात गुंडाळून आईच्या मांडीवर ठेवलं.

पेपरात फोटो आला, चार दिवस कौतुक झालं. पुढे दुकानात कुजबुज सुरू झाली. नवरीचा शालू आणि तो प्रेताला लागलेल्या हातानं घ्यायचा? बायका महेशला हळूच म्हणायच्या, "तू दाखव ना, त्यांना राहू दे." आमच्या गल्लीतल्या जयश्रीबाईंनी तर काकूंनी घडी घालून दिलेला शालू दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. महेशनं आईला आतल्या बाजूला, साड्यांना फॉल लावायला बसवलं. दुकान चालायला हवं हे मलाही कळतं, पण माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

बोलावणी मात्र थांबली नाहीत. कुणी विहिरीत पडो, तळ्यात बुडो, माणसं काकूंच्या दारात. जयश्रीबाईंचा भाचा खुलताबादकडच्या तलावात बुडाला तेव्हा त्याही रिक्षा करून आल्या. काकू गेल्या. त्याला बाहेर काढून दिलं. परतताना ओले केस पिळत म्हणाल्या, "साडी नको म्हणतेत माझ्या हातची. लेकरू मात्र माझ्याच हातनं पाहिजे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मलाच जास्त आला.

पुढच्या हिवाळ्यात मी विचारलं, "काकू, रविवारी जायचं खदानीवर? नुसतं मजेला."

त्या एका लाल साडीला फॉल लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नको गं. मागल्या बारीला मासे बघायला म्हणून गेलो होतो ना आपण, तवा माझे हात आपोआप तळ चाचपायला लागले." दोरा दातानं तोडून त्यांनी सुईत नवा ओवला. "त्या पोरीची ओढणी खाली मातकट होती, वैशे. वर आणता आणता लाल होत गेली."

त्यानंतर काकू पाण्यात उतरल्या नाहीत. या उन्हाळ्यात झोपेतच गेल्या. जयश्रीबाई अंगावर घालायला नवी साडी घेऊन आल्या. "देवमाणूस होती," म्हणत त्यांनी ती काकूंवर पांघरली. मी ती उचलली, नीट घडी घातली आणि जयश्रीबाईंच्या हातात परत दिली. महेश समोरच उभा होता. त्यानं मला अडवलं नाही.