जिभेचं वळण

"पुन्हा म्हण."

"पानी."

"नीट ऐक. पाणी. आता म्हण."

"पानी."

लांज्याची शाळा. नववीचा वर्ग. साल ऐंशीच्या आगेमागचं. मराठीचा तास चालू होता अन् मी पुस्तक हातात धरून उभी होते. धडा वाचायला बाईंनी मलाच उठवलं होतं. दुसऱ्याच ओळीत तो शब्द आला अन् बाईंनी थांबवलं.

बाई रत्नागिरीहून एसटीने यायच्या. इस्त्रीची सुती साडी, गोड आवाज. त्यांनी छडी कधी हातात घेतली नाही. शाळेत सगळ्यांच्या आवडत्या. माझ्याही.

त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. तिने म्हटलं, पाणी. बाई म्हणाल्या, ऐकलंस? आता तू. मी पुन्हा पानीच म्हणाले.  जीभ कुठे लावायची तेच सुचत नव्हतं. वर्ग हसायला लागला. कुणीतरी बाकावर थाप मारली.

त्या वर्गातली निम्मी पोरं घरी पानीच म्हणायची. कुणब्यांची पोरं, वाण्याच्या दुकानात कामाला असलेल्या गड्याचा मुलगा. सगळे पानीवालेच. तेही हसले. तेच जास्त हसले. आपण हसणाऱ्यांत आहोत हे त्यांना दाखवायचं होतं.

बाई हसल्या नाहीत. माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात बोलल्या, पण वर्गाला ऐकू जाईल इतपत.

"बस खाली. तुझा दोष नाही गं. तुमच्या लोकांच्या जिभेला ते वळणच नसतं."

मी बसले.

तुमच्या लोकांच्या. म्हणजे बौद्धवाडीच्या. वर्गात आम्ही दोघंच होतो. दुसरा मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. माराचा राग येतो. रागाने माणूस ताठ राहतो. बाईंनी माझी कीव केली अन् मी ती कीव खरी मानली. चौदा-पंधरा वर्षांची पोर. मला वाटलं, बाई शिकलेल्या आहेत, त्यांना ठाऊक असणार. काहींचा पाय जन्मतः अधू असतो, तशी आपली जीभ असणार. आपल्या आईची, तिच्या आईची, सगळ्यांचीच.

त्या दिवसापासून मी वर्गात तोंड उघडलं नाही. उत्तर येत असलं तरी हात वर केला नाही. बोलायची वेळ आलीच तर शब्द निवडून बोलायचे. ज्यात 'ण' आहे तो शब्द टाळायचा. 'आणि' नाही म्हणायचं, 'अन्' म्हणायचं. कोण आलंय असं विचारायचं नाही, नुसतं दाराकडे बघायचं. तहान लागली तर भांडं उचलून दाखवायचं. माझ्या नावातही तेच अक्षर आहे. कुणी नाव विचारलं की मी आडनाव सांगायची. आडनाव ऐकलं की पुढचं काही विचारायची लोकांना गरज पडत नसे.

मला शिक्षिका व्हायचं होतं. शिक्षण हा शब्द टाळत टाळत मी शिकत होते.

घरी कुणाला सांगितलं नाही. आई लांज्यात काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी जळते. तिची बोटं कायम काळी, सोललेली. वडील मुंबईला गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या तसे घरी आले, ते दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला लागले. या दोघांना मी काय सांगणार, की आपल्या सगळ्यांच्या तोंडातच खोट आहे?

बारावी झाले. मार्क चांगले होते. रत्नागिरीत डी.एड.ला नंबर लागला. वसतिगृहात राहायला गेले. वर्गातल्या मुली म्हणाल्या, तुझं काय बाई, तुला मिळणारच होतं. मी गप्प. गप्प राहायची सवय आता अंगाला बसली होती. लोक तिला सुस्वभाव म्हणायचे.

डी.एड.ला सराव पाठ असतात. गावातल्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवायचं. मागे कॉलेजचे सर बसतात, निरीक्षण करतात, शेरा देतात. आम्हाला जे सर होते ते पन्नाशीचे. शुद्ध बोलण्याचा त्यांना भारी अभिमान. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एकेकीचं वाचन ऐकलं. माझी पाळी आली. मी दोन ओळी कशाबशा पुटपुटले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही भाषेचे पाठ मागाहून घ्या. आधी गणित घ्या. फळ्यावर आकडे मांडायचे, बोलायचं कमी. तुम्हाला सोपं जाईल."

गणित या शब्दातही ण आहे. ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

अन् मी काय केलं? मान डोलावली. बरं वाटलं मला. सुटले असं वाटलं. हे आज लिहितानाही तोंड कडू होतं. समोरच्याने आपल्याला लहान खोलीत कोंडावं अन् आपण आतून कडी घालून घ्यावी, तशी मी होते.

वर्षभर गणिताचे पाठ घेतले. पण मराठीचे पाठ घेतल्याशिवाय डी.एड. पुरं होत नाही. सर म्हणाले, शेवटी बघू, कसेतरी उरकून टाकू.

दुसऱ्या वर्षी एका पौर्णिमेला मी गावी गेले होते. संध्याकाळी वाडीच्या समाजमंदिरात वंदना होती. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, समोर दोन तसबिरी अन् मेणबत्त्या. बायका म्हणाल्या, आज तू सांग, तू शिकलेली. आम्ही तुझ्यामागून म्हणू.  मी म्हणाले, घसा बसलाय. तेव्हा आईने सुरुवात केली.

लहानपणापासून ऐकलेली वंदना. मी कधी लक्ष देऊन ऐकली नव्हती. आई म्हणत होती, बुद्धं सरणं गच्छामि, अन् तिच्या मागून सगळी वाडी. सरणं. पुन्हा सरणं. पुन्हा.

मी मान वर केली.

सरणं. स्वच्छ ण. माझी आई, जी दिवसभर पानी म्हणते, कोन म्हणते, तिच्या तोंडून. शेजारच्या काकूच्या तोंडून. दात नसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून. अन् माझ्या. मीही म्हणत होते. ओठ आपोआप हलत होते, बोलायला लागल्यापासून हलत आले होते. जीभ वर जाऊन टाळूला लागत होती अन् ते अक्षर तिथे होतं.

पुढची वंदना माझ्या कानात शिरली नाही.

घरी आल्यावर आई चुलीपुढे बसून हाताला कोकमतेल चोळत होती. मी तिला विचारलं, तुम्हाला हे असं म्हणायला कुणी शिकवलं? ती सांगायला लागली. धर्म घेतला त्यानंतर मुंबईहून एक गृहस्थ यायचे. वाडीतल्या बाया-बापड्यांना समोर बसवायचे. एकेक अक्षर म्हणून घ्यायचे. कुणाला पाटी माहीत नाही, पुस्तक माहीत नाही. तरी चुकलं तर पुन्हा सांगायचे, पुन्हा सांगायचे.

"हसला नाय कदी कोनाला," आई म्हणाली. "म्हनून आला आमाला."

मग मी तिला सगळं सांगितलं. नववीचा तास, बाई, जिभेचं वळण, डी.एड.चे सर. इतकी वर्षं गिळलेलं सगळं. ती तेल चोळत ऐकत राहिली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"जीब तुज्या तोंडात हाय गो. ती चालते का नाय ता लोकांना कशाला इचारतंस?"

मी म्हटलं, मग तू पानी का म्हणतेस?

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय.

"पानी तर पानीच हाय."

दुसऱ्या दिवशी एसटी पकडायला निघाले. वाडीपासून रस्त्यापर्यंत सगळा कातळ. माणूस ना काणूस. मधोमध उभी राहिले अन् मोठ्याने म्हणाले, पाणी. पहिल्या फटक्यात आलं. कोण. माणूस. शिक्षण. मग माझं स्वतःचं नाव. सगळं येत होतं. मला आनंद झाला नाही. संताप आला. इतका, की खाली बसले. एवढी वर्षं मी जी खोट धरून मान खाली घालून चालले, ती खोट नव्हतीच. कुणीतरी सांगितली अन् मी सांभाळली. आम्हाला कुणी शिकवलं तेव्हा आलं. कुणी हसलं तेव्हा गेलं. एवढीच गोष्ट होती.

रत्नागिरीला पोचल्यावर सरांना भेटले. म्हणाले, मला मराठीचा पाठ घ्यायचाय. उरकायचा नाही, घ्यायचाय. त्यांनी भुवया वर केल्या. मग म्हणाले, घ्या, बघू.

बंदराकडची शाळा, चौथीचा वर्ग. सर मागच्या भिंतीला खुर्ची टाकून बसले. मी पुस्तक उघडून सुरुवात केली.  आवाज निघाला. धड्यात विहीर होती, दुष्काळ होता, पाण्यासाठी फिरणारी माणसं होती. एकही अक्षर अडलं नाही. मुलं ऐकत होती. सर लिहायचे थांबून बघत होते. मला कळत होतं, आपण जिंकतोय.

मग मी विचारलं, पुढचा भाग कोण वाचेल? शेवटच्या बाकावरून एक हात अर्धाच वर आला. तेल न लागलेले केस, अंगावर मोठ्या बहिणीचा झगा. मी तिला उठवलं. ती वाचायला लागली. बोट ओळीवर ठेवून, सावकाश. विहिरीत पानी नव्हतं, असं तिने वाचलं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब. काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

ती पुन्हा म्हणाली. पानी. पुढच्या बाकावरची दोन मुलं हसली. मग सगळा वर्ग. मुलीने पुस्तक छातीशी धरलं. सर माझ्याकडे बघून हसले. माझ्याकडे, आपल्यातल्या माणसाकडे बघून हसावं तसं. पहिल्यांदाच. म्हणाले, बाई, हिला बसवा, दुसऱ्या कुणाला द्या, पाठाचा वेळ जातो.

एवढंच करायचं होतं. बस गं खाली, म्हणायचं. मार्क माझे होते. नोकरी माझी होती. मी आता शुद्ध बोलणाऱ्यांत आले होते. दार उघडं होतं, फक्त त्या पोरीला ओलांडून आत जायचं होतं.

त्या मुलीचे गुडघे वाकायला लागले होते. ती स्वतःहूनच बसत होती. मला ते बसणं माहीत होतं.

"बसू नको," मी म्हणाले. मग मागे बघितलं. "सर, तुम्ही बसा. पाठ माझा आहे. ती वाचतेय."

 सर उभेच राहिले. मी फळ्याकडे गेले नाही, मुलीजवळ गेले.

"पानी. आमच्या घरी पण पानीच म्हणतात. पुस्तकात पाणी लिहिलंय, ते आपण नंतर शिकू. आधी गोष्ट पुरी कर."

तिने पुरी केली. बोट ओळीवरून न उचलता शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग मी सगळ्या वर्गाकडून ण म्हणून घेतला. जीभ कुठे लागते ते दाखवलं. जे हसले होते त्यांच्यातल्या कितीतरी जणांना येत नव्हता.

सरांनी शेरा दिला, उच्चार अशुद्ध, शिस्तीचा अभाव. पाठ नापास.

प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. मिटवायच्या मूडमध्ये होता. म्हणाले, सरांची माफी मागा, विषय संपवू. तुमच्यासारख्या मुलींनी तर जास्तच जपून राहायला हवं, इथवर यायला किती त्रास पडतो. मी म्हणाले, माझं काय चुकलं ते सांगा, मग मागते.  नोकरी लागल्यावर काय ती क्रांती करा, एवढंच ते म्हणाले.

मी माफी मागितली नाही. पाठ पुन्हा घ्यावा लागला. पुढच्या वर्षीच्या खेपेला, तेव्हा पास झाले. बाकीच्या मुलींना नेमणुका मिळाल्या तेव्हा मी मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीत माशांच्या कारखान्यात, बर्फात हात घालून कोळंबी सोलत होते. आईची बोटं तेलाने सोललेली, माझी बर्फाने. तिने एका शब्दाने विचारलं नाही की माफी मागितली असती तर काय गेलं असतं. सर तिथेच राहिले. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी नव्या मुलींचे पाठ तपासत राहिले.

हे सगळं झाल्यावर मी धीट झाले, असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. आजही अनोळखी माणसांसमोर बोलायला उभी राहिले की 'ण' असलेला शब्द आधी मनात म्हणून बघते. आतून कुणीतरी म्हणतं, तुला झेपायचं नाही. ते म्हणत राहतं. मी बोलत राहते.

आता केळशीच्या पलीकडे एका गावात दोनशिक्षकी शाळेवर आहे. पटावर निम्मी मुलं मच्छीमारांची. पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार. हेडमास्तरांनी परवा बोलावून सांगितलं, बोलकी, नीट बोलणारी मुलं पुढच्या बाकांवर घ्या. ही बाकीची मागे ठेवा, त्यांना काही विचारायची वेळ येऊ देऊ नका. शाळेचं नाव जातं.

मी नाही म्हणाले. हेडमास्तर म्हणाले, वरती कळवावं लागेल. मी म्हणाले, कळवा.

साहेब येतील तेव्हा तीच मुलं पुढे बसतील. आपल्या घरच्या भाषेत उत्तरं देतील. कुणी मध्ये थांबवायला गेलं, तर साहेब असो की आणखी कुणी, त्याला मी आधी खाली बसवीन.