यादीतला पहिला पर्याय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या सगळ्या खोडी पाठ आहेत. एक आधीच सांगून ठेवतो — ऐकून झाल्यावर 'जाऊ दे रे, तरुण होतास' असलं काही म्हणू नका. तरुण होतो, पण बावळट नव्हतो.

मी जुन्नर तालुक्यातल्या बागायती घरातला. पुण्यात कॉम्प्युटर शिकलो आणि नोकरी न धरता माघारी आलो. नारायणगावात एक खोली, दोन मशिनी, बाहेर पाटी. गावात लई कौतुक. दोन हजार सहाच्या सुमारास आंबेगावच्या बाजूच्या एका खासगी डिप्लोमा कॉलेजानं प्रवेशाचे फॉर्म कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं आणि ते काम मला दिलं. प्राचार्य मला चारचौघांत 'आमचे इंजिनियर' म्हणायचे. आता खरं सांगू? मला ते फार आवडायचं. आजही कुणी म्हटलं तर आवडेल.

तर त्या फॉर्मवर एक यादी होती — बाण दाबला की खाली उघडते तसली. प्रवर्ग निवडायची. बघणाऱ्याला यादीत नाव दिसतं, पण आत साठतो तो क्रमांक. खुला एक, मग पुढं दोन, तीन असं करत. फॉर्म पुन्हा उघडला की मशीन साठवलेला क्रमांक यादीत शोधतं आणि त्यापुढचं नाव दाखवतं. एवढीच गंमत आहे, यात अवघड काही नाही.

फॉर्म भरणं सुरू होऊन आठवडा झाला आणि कॉलेजातल्या हेडक्लार्कनं ती यादी नव्यानं लिहिली. त्यांना नावं सरकारी कागदावर आहेत तशीच हवी होती. रजिस्टरात चुकलेली ओळ खोडून खाली नवी लिहायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. तसंच त्यांनी इथंही केलं — जुन्या ओळी काढल्या, नव्या टाकल्या. खुल्याची ओळ तेवढी होती तशीच राहिली, कारण तिच्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. बाकी सगळ्यांना नवे क्रमांक लागले. झालं! आधी भरलेले फॉर्म उघडेनात. लाल अक्षरं, पिवळा चौकोन, आणि आत इंग्रजीत तक्रार, की निवडलेला क्रमांक यादीत नाही. दिवसभर फोन.

यावर खरा उपाय काय होता? कॉलेजात जायचं, हेडक्लार्कशेजारी बसायचं, जुने क्रमांक नव्यांना जोडायचे. एका सकाळचं काम. मी काय केलं? तीन ओळी लिहिल्या. साठवलेला क्रमांक यादीत सापडला नाही, तर मुकाट्यानं पहिला पर्याय दाखव.

पिवळा चौकोन गेला. फोन थांबले. प्राचार्यांनी चहा पाजला.

पण यालाही मी चूक म्हणतो, गुन्हा नाही. अशी ठिगळं सगळेच लावतात. गुन्हा पुढं आहे. मीच जरा आडवळणानं चाललोय, कळतंय मला.

निरगुडसरची एक मुलगी होती, सुजाता. बौद्ध घरातली. वडील वायरमन, आजूबाजूच्या गावांत घरांची फिटिंग करायचे. तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमाच करायचा होता, दुसरं काही नाही. बापाच्या हाताखाली बोर्ड भरत वाढलेली पोर. मार्कही असे, की तिच्या प्रवर्गातून जागा पक्की. फॉर्म तिनं पहिल्याच आठवड्यात भरला होता, अगदी बिनचूक. नंतर वडिलांचा फोन नंबर बदलला म्हणून तिनं फॉर्म पुन्हा उघडला, नंबर दुरुस्त केला आणि सेव्हचं बटण दाबलं. वरच्या रकान्यात माझ्या तीन ओळींनी आपलं काम केलेलं तिला कशाला दिसेल? ती फोन नंबरच बघत होती.

प्रवेशाची यादी लागली तेव्हा ती खुल्यात होती. खाली कुठंतरी.

बापलेक कॉलेजात आले. प्राचार्यांनी मला सांगावा धाडला, दुपारी या, बघून सांगा. जाण्याआधी सकाळी मी माझ्या खोलीत बसून भरलेल्या फॉर्मांची जुनी प्रत उघडली. रोज संध्याकाळी एक काढून ठेवायचो. तिच्यात सुजाताच्या नावापुढं तिचा क्रमांक होता, जुना, बरोबर. दहा मिनिटं लागली सगळं कळायला. नीट ऐका — मला दुपारी जायच्या आधी माहीत होतं. जागा अजून भरलेली नव्हती. मी तोंड उघडलं असतं तर ती मुलगी पुढच्या सोमवारी वर्गात बसली असती.

केबिनमध्ये वडील उभेच होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत जातीचा दाखला. प्राचार्य म्हणत होते की दाखला ठीक आहे, पण फॉर्मवर असेल तेच धरायची पद्धत आहे. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो,

"लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदीत, स्पष्ट दिसतंय सर. फॉर्म यांच्याच मुलीनं पुन्हा उघडून सेव्ह केलाय."

बघा कसं वाक्य आहे! एक शब्द खोटा नाही. असलं वाक्य सुचायला डोकं लागतं, आणि ते मी वापरलं. सुजातानं बापाकडं बघितलं, आणि मला दिसलं की तिला ते पटलंय. आपणच चुकलो, असं तिला वाटलं.

वडिलांना पटलं नव्हतं. ते माझ्याशी बोलले, आवाज न चढवता.

"भाऊ, मी लाईटीचं काम करतो. कुणाच्या घरात फ्यूज उडला तर घरवाल्याला दोष द्यायच्या आधी मी माझी फिटिंग बघतो. तुमी तुमची बघितली का?"

"बघितली," मी म्हणालो. "सिस्टीममध्ये काही दोष नाही."

हे मात्र खोटं होतं. उघड, ठार खोटं. आणि ते मी एका माणसाच्या डोळ्यांत बघून बोललो.

भीती वाटली म्हणून? नाही हो. भीती असती तर आवाज कापला असता. 'आमचे इंजिनियर' ही खुर्ची मला सोडायची नव्हती. आणि दुसरं सांगतो, ते याहून वाईट आहे. त्या तीन ओळी टाकल्यावर मी फॉर्म पाचसहा वेळा तपासला होता. दर वेळी माझ्याच नावानं भरला. पहिला पर्याय खुला, आणि मीही खुला. उघडावं तर बरोबर, सेव्ह करावं तर बरोबर. यादीतल्या दुसऱ्या कुठल्या ओळीवर कुणी माणूस असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. चहाचा घोट घेत म्हणालो होतो, चालतंय की.

त्या संध्याकाळी मी गुपचूप सगळं दुरुस्त केलं. जुने क्रमांक नव्यांना जोडले, पहिली ओळ नुसतं 'निवडा' अशी केली. आणि ती जुनी प्रत पुसून टाकली. हो, तीही पुसली.

जागा दुसऱ्या कुणाला गेली. तिनं मंचरला बी.ए.ला नाव घातलं, असं ऐकलं.

तीनएक वर्षांनी मंचरमध्येच एका दाखल्यासाठी अर्ज करायचा होता. स्टँडजवळ फॉर्म भरून देणारं दुकान, आत गर्दी. एक म्हातारी म्हणत होती, सुजाताताई, माझं आधी बघ गं. मी मान वर केली. तीच होती. तिनं मला ओळखलं नाही. केबिनमध्ये एकदा बघितलेला माणूस, कशाला लक्षात राहील?

माझा नंबर आला. टाइप करून झाल्यावर तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि एकेक रकाना मोठ्यानं वाचायला लागली. नाव. गाव. तालुका. मागचा माणूस कुरकुरला, ताई, दाबा की आता, एसटी जाईल. तिनं त्याला थांबा म्हटलं आणि पुढं वाचलं.

"प्रवर्ग, खुला. नीट बघा भाऊ. एकदा सेव्ह झालं की चूक तुमचीच धरतात."

तेव्हा तर खुर्ची नव्हती, प्राचार्य नव्हते, गमावण्यासारखं काहीच नव्हतं. मी स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणालो, बरोबर आहे.

तिनं बटण दाबलं.