एक लाख तीस हजार तेरा

पेन्सिलीला टोक केल्याचा वास आला की मला इस्रायलमधल्या अराद गावचं आमचं जुनं स्वयंपाकघर दिसतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नात इलाना रडवेली बसलेली. १३००१३ ला कशानं भाग जातो, ते तिला उद्या वर्गात सांगायचं होतं. तीन, सात, अकरा, सगळं करून झालं होतं.

मी डोकावले तर हिब्रूत म्हणते, "आजी, हे तुला नाही यायचं."

मी कोकणात चौथी शिकलेली. तरी तिच्या वहीत आपल्या पद्धतीनं लिहिलं, १,३०,०१३.

"कॉमा चुकला!" पोरगी हसली. पहिला कॉमा खोडून तिनं वाचलं, "एकशेतीस हजार तेरा."

एकशेतीस म्हटल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघालं, "तेरा दाहे तीसासे! अगं, तेरानं एकशेतीस जातात, मागचे तेराही जातात. मग सगळाच जाणार की!"

तिनं भागून पाहिलं. बाकी शून्य. खुर्ची माझ्याजवळ ओढून ती चक्क मराठीत म्हणाली, "अजून म्हण ना."

सबंध पाढा म्हटला मी, ऐटीत. तेव्हा वाटलं, मीच हुशार. आता वाटतं, तिनं माझा कॉमा खोडला नसता, तर मला तरी तेरा कुठे दिसणार होते?