न तुटलेला दोर

माझे साडू दोरखंडाच्या कारखान्यात दोर तोडायचे. नोकरीच ती. प्रत्येक गुंडाळीचा तुकडा कापून यंत्रात अडकवायचा, तुटेपर्यंत ताणायचा आणि किती वजनाला तुटला ते सांगायचं. डॉक्टर एकदा त्यांना म्हणाले, "फार ताण घेऊ नका." साडूंनी विचारलं, "किती किलोपर्यंत चालेल?"

मेव्हणीचे गुडघे गेले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड तळमजल्यावर हलवायचं ठरलं. सगळं हललं, तिचं लाकडी कपाट तेवढं राहिलं. सुताराने ते खोलीतच बांधलेलं. जिना ते कधी चढलंच नव्हतं, त्यामुळे आता उतरेना. सांधे सरसाने बसवलेले, उघडले तर लाकूड फुटणार. कपाट तिच्या वडिलांनी करून दिलेलं. "ते खाली गेलं की मी येईन," असं म्हणून ती रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसली. साडू खाली, ती वर. डबा मी पोचवायचो.

खिडकीतून दोराने सोडायचं, एवढाच मार्ग उरला. साडूंनी दोर आणला, जुन्या कारखान्यात नेला आणि अख्खा तोडून आले. म्हणाले, "फार चांगला दोर होता." मग दुसरा आणला. तोही चांगला निघाला.

"अहो, तुकडा तोडा आणि उरलेला वापरा," मेव्हणी खिडकीतून म्हणाली. "कारखान्यात तेच करत होतात ना?"

"करत होतो. पण उरलेल्याचं पुढे काय झालं, ते मला कुणी कधी सांगितलं नाही."

खरंच, या माणसाने जन्मात एकही दोर टिकलेला पाहिला नव्हता.

"मग माझा भरवसा कसा धरलात इतकी वर्षं?"

साडू चाचरले. "तुटलीस की कळेल, असं वाटायचं."

खिडकी लागली. त्या दिवशी डबा भरलेलाच परत आला.

तिसऱ्या दोराचा मात्र त्यांनी हातभर तुकडाच तोडला. हमालांनी खिडकीची चौकट काढली, कपाट बांधलं. साडू खालून सांगत होते, "खोलीतल्या खांबाला वेढे द्या. घासत घासत निम्मा भार खांबच धरेल. आणि झटका देऊ नका, वजन पेलणारा दोर झटक्याने तुटतो." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले आणि 'कट्' असा आवाज येण्याची वाट पाहत उभे राहिले.

कपाट जमिनीला टेकलं. साडू बराच वेळ दोराकडे बघत राहिले.

"तुटला नाही," ते मला म्हणाले, वाईट बातमी सांगावी तसं. "आता याचं काय करतात?"

"गाठ सोडून गुंडाळून ठेवतात," कठड्याला धरून उतरत असलेली मेव्हणी शेवटच्या पायरीवरून म्हणाली.

ते गाठीशी बसले. न तुटलेल्या दोराची गाठ त्यांनी कधी सोडवलीच नव्हती, ती आणखीच आवळत गेली. मेव्हणी कपाटाला टेकून दम खात उभी होती.

"सावकाश," ती म्हणाली. "ताणू नका."