मशीनला बांधलेला ओला फडका

अमरावतीत जवाहर गेटच्या आत माझं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी आणि वर पत्रा. समोरून दिवसभर ऑटो, टेम्पो, फटफट्या जातात. सकाळी पुसलेल्या बांगड्या दुपारी सगळ्या एकाच रंगाच्या दिसतात, म्हणून मी त्यांच्यावर ओला फडका टाकून ठेवते.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजची एक पोरगी आली. अकोल्याची, राजापेठेत खोली करून राहणारी. गाड्यांच्या धुरानं इथली हवा किती खराब होते, ते तिला मोजायचं होतं. डब्याएवढी मशीन तिनं माझ्या खांबाला बांधली.

"आजी, सकाळी चालू करा, संध्याकाळी घरी नेऊन चार्जिंगला लावा. आकडे आतच राहतात. मी आठ दिवसांनी येते."

दुसऱ्याची महागाची वस्तू, तिच्यावर धूळ कशाला बसू द्यायची? मी रोज तिलाही ओला फडका घट्ट गुंडाळला.

आठव्या दिवशी संध्याकाळी पोरगी आली. आकडे पाहिले, मशीन हलवली, पुन्हा पाहिले.

"आजी, ही हवा तर चिखलदऱ्याच्या डोंगरावरची वाटते."

"मंग? जपूनच ठेवली मी. एक दिवस फडका चुकला नाई."

"कोणता फडका?"

मी दाखवला. काळाकुट्ट झाला होता. तिनं तो उजेडात धरून पाहिला.

"सगळी हवा यातून गाळून आत गेली, आजी. नऊ दिवसांनी सरांना रिपोर्ट द्यायचा आहे."

"मंग सांगून ठेवाले काय झालं होतं?"

"मशीनला कोणी फडका बांधेल, हे मला काय माहीत?"

तिचंही खरं होतं. "घे, बांध पुन्हा," मी म्हटलं. "अजून आठ दिवस होतात."

दुसऱ्या दिवशी मला पातूरला लेकीकडे नातीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. लेकीला फोन करून येत नाही म्हणून कळवलं. ती चिडली.

"पोटच्या पोरीपेक्षा डबा जवळचा झाला का माय तुले?"

"हो, झाला. मी खराब केलं, मीच निस्तरते."

शेजारचा शिंपी रोज विचारायचा, "माय, आज मशीनले थंडी नाई वाजत का?"

आठ दिवसांनी पोरगी आली. आकडे लाल होते.

"खराब हाये?"

"खूपच खराब, आजी," ती म्हणाली आणि हसत सुटली. मीही हसले. एवढी घाण हवा पाहून खूश झालेल्या बाया अख्ख्या गावात आम्ही दोघीच असू. तिनं मशीन पिशवीत घातली, मी दुकान झाकलं आणि लेकीचा रुसवा काढायला पातूरच्या गाडीसाठी स्टँडवर गेले.